सकाळी मिसळ, दुपारी शेवभाजी: नाशिकबाहेर पडताना कुठल्या रस्त्यावर काय मागवावं

नाशिकच्या मिसळीची वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. त्यानंतरही ती मिळते, पण चव तीच राहत नाही. पहाटे लावलेला रस्सा दिवसभर आचेवर असतो. त्यातलं पाणी आटतं, मीठ आणि तिखट तेवढंच राहतं, म्हणून वरून गरम पाणी घातलं जातं. दोन-तीनदा असं झालं की मसाल्याचा वास उडतो आणि जिभेला फक्त झोंबणारं तिखट उरतं. मटकीही तोवर फुटून तिचा लगदा झालेला असतो. पाहुणे आले की आपण त्यांना आधी पंचवटी फिरवतो आणि उन्हं डोक्यावर आली की मिसळीला नेतो. हा क्रम उलटा करावा. आधी पोटोबा.

वेळेचा हा हिशेब मिसळीपुरता नाही. नाशिकहून मुंबई, धुळे, पेठ, सापुतारा, शिर्डी, त्र्यंबक अशा ज्या वाटा फुटतात, त्या प्रत्येकीवर एखादा पदार्थ चांगला मिळतो, ठरावीक वेळेलाच चांगला मिळतो आणि बाकीचं मेन्यूकार्ड जागा भरण्यासाठी असतं. पाटी किती मोठी आहे त्यावरून जेवण कळत नाही. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, काय मागवलं, यावर सगळं ठरतं.

मिसळीपासूनच सुरुवात करू. पुण्याच्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी असते, कोल्हापूरला तांबड्या कटाचा मान. नाशिकची ओळख काळ्या मसाल्याच्या रश्श्याची: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि खडा मसाला. खाली उसळ, वर शेव-फरसाण, बाजूला कांदा, लिंबू, पापड, दही. ताट समोर आलं की घाईने रस्सा ओतू नका. वाटीतला रस्सा आधी चमचाभर नुसता घ्या. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा राहिला तर खोबरं करपलंय, आणि ते लिंबाने झाकत नाही. वर लाल तेलाचा जाड थर दिसतोय पण खालचं पाणी फिकं लागतंय, तर मिरचीपूड तेलात घालून नुसता रंग आणलाय. घोट घेतल्यावर तिखट आधी न लागता मसाल्याचा वास आधी आला आणि घशाला ऊब नंतर जाणवली, तर ती जागा लक्षात ठेवावी.

मग ओतायचं कसं? थोडंथोडं. शेव दोन मिनिटांत मऊ पडते, म्हणून अर्ध्याच मिसळीवर रस्सा घ्यावा आणि संपेल तशी पुढची भिजवावी. बहुतेक ठिकाणी रस्सा हवा तेवढा मिळतो, पाव मात्र मोजून लागतात. दुसऱ्यांदा रस्सा मागताना तो गरम आहे का ते पाहा. कोमट रश्श्यात वरची तर्री वेगळी तरंगते आणि खाली पाणी राहतं. पाव बोटाने दाबला की परत वर यायला हवा. तव्यावर तेल लावून भाजलेला पाव कुणी आपणहून दिला, तर तो बहुधा कालचा असतो. दही मिसळीत कालवू नये. ते वेगळं, मध्ये मध्ये घ्यावं, नाहीतर काळ्या मसाल्याची सगळी मेहनत आंबटात बुडते.

जागा निवडताना आधी एक ठरवा: मिसळ खायला जायचंय की कुटुंबाला घेऊन सकाळ घालवायला. दुसरं असेल तर मळ्यातल्या मिसळी चांगल्या. मखमलाबाद रोडची ग्रेप एम्बसी द्राक्षबागेत आहे; बारदान फाट्याकडे, मोतीवाला कॉलेजच्या रस्त्यावर साधनाची चुलीवरची मिसळ. दोन्हीकडे जागा मोकळी आहे, मुलं मोकळेपणाने हिंडतात आणि शेवटी जिलेबीवर हात मारता येतो. रविवारी दहानंतर मात्र टेबलासाठी थांबायची तयारी ठेवावी. पोहोचायचं तर नऊच्या आत. नुसती मिसळच हवी असेल तर गावात जावं. पंचवटी कारंज्यावरची अंबिका आणि जुन्या नाशकातली सीताबाईची मिसळ यांच्याकडे शोभेचं काही नाही, बसायला ऐसपैस नाही, पण रस्सा सतत उपसला जातो आणि नवा पडतो. खाणारा माणूस लवकर उठतो, म्हणून पातेलं लवकर रिकामं होतं. लहान, गर्दीच्या जागेचा हाच मोठा फायदा. गाडी मात्र लांब लावून चालत जावं, त्या गल्ल्यांमध्ये चारचाकी नेण्यात अर्थ नाही.

त्याच भागात उपास असणाऱ्यांसाठी भद्रकालीतला सायंताराचा साबुदाणा वडा आहे. वडा कढईतून निघताना घ्यावा. ताटात रचून ठेवलेला साबुदाणा वडा वाफेने आतून चिकट होतो आणि वरचं कवच चामड्यासारखं होतं. सराफ बाजारातल्या बुधाच्या जिलेबीलाही हाच नियम. गरम असेल तरच.

आता धुळ्याकडचा रस्ता. या मार्गावर जेवणाची सगळ्यात चांगली बाजी लागते आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. ओझर, पिंपळगाव बसवंत, चांदवड ओलांडून मालेगावकडे सरकलं की जेवणाची भाषा खानदेशी होऊ लागते. इथे मागवायची ती शेवभाजी. ढाब्यावर बसून पनीर बटर मसाला मागवणाऱ्यांचं वाईट वाटतं, कारण तीच लाल ग्रेव्ही त्यांना कुठल्याही शहरात मिळाली असती.

शेवभाजी दिसायला सोपी आणि बिघडवायला त्याहून सोपी. तिची शेव जाड आणि तिखट असते, लसूण-ओव्याची. चिवड्यातली बारीक शेव इथे चालत नाही. रस्सा काळ्या मसाल्याचा, पातळसर आणि खळखळ उकळता हवा. शेव टाकायची ती ताट वाढायच्या वेळी. टाकल्यापासून तीन-चार मिनिटांत खायला सुरुवात झाली पाहिजे. तेवढ्यात शेवेचा बाहेरचा थर रस्सा पितो आणि गाभ्यात थोडा चावा राहतो. ती वेळ गाठली तरच मजा.

बिघाड होतात ते असे. शेव आधीच टाकून भाजी ठेवली असेल तर बेसन विरघळतं आणि पिठल्यासारखं काहीतरी समोर येतं. शेवेत सोडा जास्त असेल तर रश्श्यात पडताच तिचा चुरा होतो. शेवेला स्वतःचं मीठ असतं हे आचारी विसरला तर भाजी खारट होते, आणि खारट शेवभाजीत पाणी घातलं की ती संपलीच. शेव जुन्या तेलात तळलेली असेल तर खवट वास गरम रश्श्यात आणखी उघडा पडतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांगावं: ‘दादा, शेव वेगळ्या वाटीत द्या, रस्सा उकळता आणा.’ चांगला ढाबेवाला या मागणीवर खूश होतो. जिथे ‘तसं होत नाही’ असं उत्तर येतं, तिथे शेव आधीच पडलेली आहे असं समजावं आणि साधी वरण-भाकरी मागवावी.

शेवभाजीबरोबर रोटी-नान नको. भाकरी घ्या. बाजरीची भाकरी थंडीत, ज्वारीची उन्हाळ्यात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची मिळाली तर कधीही. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही. त्यातल्या तेलामुळे ते लवकर खवटतं आणि कडू होतं. त्यामुळे जिथे गिऱ्हाईक कमी आणि मेन्यूवर तीन प्रकारच्या भाकऱ्या, तिथे बाजरीची मागवताना जपून. पहिला घास कोरडाच खाऊन पाहा. चांगल्या भाकरीचा पापुद्रा सुटलेला असतो आणि तोडताना ती चुरत नाही. चुरत असेल तर पीठ गार पाण्यात मळलंय किंवा जुनं आहे.

याच पट्ट्यात पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि वांग्याचं भरीतही मागवण्यासारखं. भरिताचा हंगाम थंडीचा. तेव्हा वांगी कोवळी असतात, बिया कमी असतात आणि निखाऱ्यावर भाजल्यावर आतला गर लोण्यासारखा निघतो. मे महिन्यात भरीत मागवलं तर बियाच दाताखाली येणार, त्यात आचाऱ्याचा दोष नाही. गॅसवर भाजलेल्या भरिताला धुराचा वास नसतो. तो वास आणायला कुणी वरून तेलाचा झणझणीत तडका देतं, पण फरक जिभेला लगेच कळतो.

मटणाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथेच बिल मोठं होतं. नाशिकच्या आजूबाजूला काळ्या मसाल्याचं मटण आणि भाकरी मिळणारी ठिकाणं जिकडेतिकडे आहेत. हंडी किलोवर विकली जाते, तेव्हा वजन कच्च्याचं की शिजलेल्याचं, हे आधी विचारा. शिजताना मटण आकसतं, त्यातलं पाणी सुटतं, आणि हाडांचं वजन वेगळं. अर्धा किलो कच्च्या मटणात दोन मोठी माणसं समाधानाने जेवतात, तिसऱ्याला रश्श्यावर भागवावं लागतं. ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत मटण आलं तर ते सकाळी उकडून ठेवलेलं आहे आणि आता फक्त मसाल्यात घोळवून आणलंय. त्यात खाण्यासारखं काही नसतं असं नाही, पण मसाला हाडापर्यंत उतरलेला नसतो. ताजं हवं असेल तर निघण्याआधी तासभर फोन करून सांगावं. आधी आळणी मागवा. पातेल्यातलं मटण किती ताजं आहे ते त्या वाटीभर बिनमसाल्याच्या पाण्यात लपत नाही. आळणी गढूळ आणि वासाला जड असेल तर पुढची हंडी मागवू नये, अंडाकरीवर थांबावं.

‘चुलीवरचं’ ही पाटी आता सगळीकडे लागली आहे. चूल खरंच चालू आहे का, हे स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला सरपण आणि ताजी राख दिसते का त्यावरून कळतं. चुलीचा खरा फायदा भाकरीला होतो, कारण तव्यावरून काढून निखाऱ्याशी उभी केली की ती टम्म फुगते. रश्श्याला त्याचा फायदा थोडाच. त्यामुळे रस्सा गॅसवर आणि भाकरी चुलीवर असेल तर तक्रार करू नये, उलट झालं असेल तर जरूर विचारावं.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या वाटा मला नाशिकच्या सगळ्यात मोलाच्या वाटतात, आणि तिथे जेवायला थांबणारे सगळ्यात कमी. मोठी हॉटेलं नाहीत, छोट्या खाणावळी आहेत. त्या मोजकाच स्वयंपाक करतात आणि दुपारी दोनच्या सुमारास पातेलं घासायला टाकतात. म्हणून एकच्या आत पोहोचावं. मागवायची ती नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि खुरसणीची (कारळ्याची) चटणी. नागलीचं पीठ उकळत्या पाण्यात उकडून मळावं लागतं, नाहीतर भाकरीला तडे जातात. शिवाय गार झाली की ती लगेच कडक होते. म्हणून चार भाकऱ्या एकदम मागवू नका. एक संपत आली की दुसरी सांगा. वाढणाऱ्या ताईंनाही ते सोयीचं असतं, तव्यावरून सरळ ताटात येते.

पावसाळ्यात या भागात रानभाज्या मिळतात. पहिल्या पावसाबरोबर शेवळं, मग टाकळा, कुरडू, बांबूचे कोवळे कोंब, कर्टोली. शेवळं खाजरी असतात. काकड या रानझाडाची आंबट फळं किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घसा धरतो. जेवण बनवणाऱ्यांना ते माहीत असतं. घाईत, पर्यटकांची गर्दी पाहून नव्यानेच रानभाजी महोत्सवाची पाटी लावलेल्या ठिकाणी मात्र शेवळं न मागता कर्टोली मागावी, तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही.

दिंडोरी, वणीवरून सापुताऱ्याला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हिवाळ्यात बोरगावच्या आसपास रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेले असतात. खोक्याचा वरचा थर पाहून घेऊ नका, खालून दोन-चार फळं काढून दाखवायला सांगा, कारण दबलेलं फळ तळाशी जातं आणि संध्याकाळपर्यंत पाणी सोडतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नाशिकच्या वायनरीतून घेतलेली बाटली डिकीत राहिली असेल तर ती सीमेपलीकडे नेणं गुन्हा आहे. आधी सापुतारा, परतताना वायनरी, असा बेत करावा. सापुताऱ्यात जेवण गुजराती थाळीचं घ्यावं. तिथली डाळ गोड असते, ती बिघडलेली नसते, हे मुलांना आधी सांगून ठेवावं.

वायनरीचा विषय निघालाच आहे तर तेवढंच. सुला 1999 मध्ये सुरू झाली आणि गंगापूर-सावरगाव रस्त्यावरची तिची जागा शनिवार-रविवारी अक्षरशः भरून वाहते. तिथे जायचं तर कामाच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, टेबल आधी सांगून. पोटात काही नसताना टेस्टिंगला बसू नये, आधी जेवण मागवावं. नाशिकच्या जेवणाबरोबर वाइन निवडताना लोक हमखास रेड घेतात आणि मग काळ्या मसाल्याबरोबर तोंड जळतं. रेडमधलं टॅनिन, म्हणजे तिचा तुरटपणा, तिखट आणखी टोचरं करतं. तिखट जेवणाबरोबर शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर व्हाइट वाइन थंडगार घ्यावी. आणि गाडी चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये. सावरगाव रस्त्याला वळणं आहेत आणि संध्याकाळी परतीची गर्दी असते.

मुंबईकडे निघालात तर जेवण कसारा घाटाच्या आधी उरका. घोटी-इगतपुरी हा भाताचा मुलूख आहे, घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, तरी महामार्गावरच्या थाळीत बरेचदा कुठलातरी मोकळा, बिनवासाचा तांदूळ येतो. ‘इंद्रायणी आहे का?’ एवढं विचारा. असेल तर रोट्या कमी करून रस्सा-भात किंवा पिठलं-भात घ्या. मऊ, थोडा चिकट, वासाचा भात आणि त्यावर काळा रस्सा, यापेक्षा चांगलं दुपारचं जेवण त्या रस्त्यावर नाही. पावसाळ्यात धबधब्यांजवळ भजीच्या गाड्या लागतात. कढईतलं तेल काळपट दिसत असेल आणि भजी सोडल्यावर वर पांढरा फेस तसाच टिकून राहत असेल, तर तेल अनेक वेळा तापलेलं आहे. पुढच्या गाडीवर जावं. समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर सिन्नरजवळ किंवा घोटीजवळ चढण्याआधीच पोट भरा, आत खाण्याचे पर्याय मोजके आहेत.

शिर्डीच्या रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सिन्नरपुढची मोठी हॉटेलं बसभर प्रवासी अर्ध्या तासात उठवायच्या हिशेबाने चालतात. दोनशे पदार्थांचं मेन्यूकार्ड म्हणजे फ्रीजमध्ये लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या तयार आहेत. तिथे डाळ तडका आणि जिरा राइस सुरक्षित. खुद्द शिर्डीत आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या भक्तांमुळे इडली, डोसा आणि दाक्षिणात्य थाळी चांगली मिळते, तीच खावी. संस्थानच्या प्रसादालयातलं साधं जेवणही आवर्जून घ्यावं. एवढ्या माणसांचं जेवण शिजवायला तिथे 2009 पासून सौर ऊर्जेच्या वाफेचाही वापर होतो, आणि पंगत किती शिस्तीत उठते ते पाहण्यासारखं आहे.

त्र्यंबकला श्रावणी सोमवारी जाणार असाल तर जेवण नाशकातच करून निघा. गर्दीच्या दिवशी साबुदाणा खिचडी पहाटे मोठ्या प्रमाणात करून ठेवतात आणि दहापर्यंत तिचे गोळे होतात. दाणा दाणा सुटा आणि आरपार दिसणारा असेल तर ताजी, पांढरा आणि घट्ट झाला असेल तर जुनी. इतर दिवशी त्र्यंबक रस्त्यावर सकाळच्या मिसळीचे भरपूर पर्याय आहेत, तिथे वर सांगितलेली चमचाभर रश्श्याची परीक्षा घ्यावी.

बिल आलं की ओळी वाचा. सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो ऐच्छिक आहे, तो काढायला सांगता येतं. साध्या पाण्याची मागणी स्पष्ट करावी, नाहीतर बाटल्या न विचारता टेबलावर येतात आणि बिलात चढतात.

घरी नेण्यासाठी पार्सल घ्यायचं तर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा गाडीत ठेवावा. उकळता काळा रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नये. पिशवी फुटते, आणि तेलकट मसाल्याला प्लॅस्टिकचा वास लागतो. मिसळीत फरसाण, कांदा आणि रस्सा वेगळा बांधून घ्यावा, शेवभाजीत शेव कोरडी. घरी पोहोचल्यावर रस्सा पूर्ण उकळी येईपर्यंत तापवावा, चव घेऊन मग मीठ, आणि शेव सगळे ताटावर बसल्यावरच टाकावी.